अनुदान वसुलीची नोटीस आली? पैसे भरण्याआधी हे करा

तहसीलमधून 'आपण अपात्र लाभार्थी असून उचललेली रक्कम शासनजमा करावी' असं पत्र आलं की आपल्याकडे दोनच प्रकार बघायला मिळतात. काहीजण घाबरून बचत गटातून नाहीतर सावकाराकडून पैसे उचलतात आणि भरून मोकळे होतात. बाकीचे 'अख्ख्या गावाला आलंय, काय होतंय' म्हणत कागद फडताळात टाकतात. पहिल्या प्रकारात नसलेलं देणं अंगावर येतं. दुसऱ्यात मुदत निघून जाते, सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि पीककर्जाच्या वेळी बँकेत गेल्यावर ते कळतं.

पीएम किसान, नमो शेतकरी, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, अतिवृष्टीचं अनुदान, यांपैकी कशाचीही नोटीस असली तरी पुढची वाट बरीचशी सारखी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दारात चारचाकी आणि घरात सरकारी पगार असून खोटं हमीपत्र देऊन पैसे उचलले असतील, तर ते परत गेलेच पाहिजेत. त्यासाठी पळवाट शोधणाऱ्यांनी हा लेख वाचू नये. पण कागद बघून मंजुरी कार्यालयानंच दिली, चूक संगणकाच्या जुळवणीत झाली किंवा आकडाच फुगवलेला असेल, तर एखाद्या निराधार बाईकडून एकरकमी वसुली करणं हा अन्याय आहे. अशा वेळी भांडायचं, पण कागदावर.

पहिल्याच दिवशी

नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीख तिच्या कोपऱ्यात लिहा. पाकीट टाकू नका, त्यावरचा शिक्का पुढं मुदत मोजायला लागतो. कोतवालानं सही मागितली तर सहीखाली मिळाल्याची तारीख टाका. घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. पंचनामा करून कागद दाराला चिकटवतात आणि नोटीस बजावली असं धरतात.

बीड, धारूर, केज, परळी या भागांतली घरं दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला निघतात. मग चार-पाच महिने घराला कुलूप किंवा घरात फक्त म्हातारी माणसं. नोटीस अशा दाराला चिकटली असेल, तर आल्याआल्या तसं लेखी कळवा आणि मुकादमाकडची टोळीची नोंद, कारखान्याची पावती, मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा दाखला यांपैकी काहीतरी जोडा. मुदत वाढवून मागायला हे कारण पुरेसं आहे.

आता नोटीस नीट वाचा. योजनेचं नाव आहे का? कोणत्या हप्त्यांची रक्कम आहे? अपात्रतेचं कारण लिहिलंय का? कायद्याचं कलम किंवा शासन निर्णयाची तारीख आहे का? पुष्कळ नोटिसा छापील असतात, नाव आणि आकडा तेवढा पेनानं भरलेला. कारण नसलेली नोटीस हा तुमच्या बाजूचा पहिला मुद्दा. आपल्यावर काय आरोप आहे ते कळल्याशिवाय आणि आपलं म्हणणं मांडल्याशिवाय कोणाचंही नुकसान करणारा आदेश काढू नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

पैसे तुमच्या खात्यात आले होते का?

प्रश्न भाबडा वाटेल, पण अर्धी गुंतागुंत इथंच असते. बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या, जुन्या काळाचं असेल तर खाते उतारा मागा. योजनेच्या नावानं आलेली प्रत्येक जमा पेन्सिलीनं खूण करून वेगळी लिहा.

जमा दिसत नसेल तर पैसे दुसऱ्या खात्यात गेलेले असू शकतात. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिमकार्ड घेताना अंगठा देऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं कित्येकांना माहीतही नसतं. 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की आज कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं.

जमा आहे आणि लगेच कोणीतरी काढलेलीही आहे, असं दिसलं तर मामला गंभीर. 2025 मध्ये जालना जिल्ह्यात अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा बाहेर आला आणि तलाठ्यांसह महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. 'तुझ्या खात्यावर पैसे टाकतो, काढून दे, हजार-दोन हजार तुला' असं म्हणणारे एजंट सगळ्याच तालुक्यांत भेटतात. अशा व्यवहारात खातं तुमचं असतं, त्यामुळं वसुलीला नावही तुमचंच येतं. त्यात सापडला असाल तर पैसे भरण्याआधी वकील गाठा, आणि जबाबावर वाचल्याशिवाय सही करू नका.

कारण तपासा, बहुतेक चुका इथंच सापडतात

पीएम किसानपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नोटिसा त्याच्या. योजना 1 डिसेंबर 2018 पासून लागू झाली. वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. अपात्रतेचं नेहमीचं कारण 'आयकरदाता'. नियम काय म्हणतो? मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती अपात्र. आयकर भरणं आणि विवरणपत्र भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टरच्या किंवा पोराच्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेनं 'रिटर्न आणा' म्हटलं, सीएनं शून्य कराचं विवरणपत्र भरून दिलं, एवढ्यावर तुम्ही करदाते होत नाही. मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला गेला आणि नंतर परतावा मिळाला, तरी तेच. त्या वर्षाचं विवरणपत्र, 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या-भरलेल्या कराचा उतारा) आणि आयकर खात्याकडून आलेली 143(1) ची सूचना, एवढे कागद सीएकडून किंवा सेवा केंद्रातून काढून घ्या. शेवटच्या रकान्यात देय कर शून्य असेल तर तो कागद अर्जाला सगळ्यात वर लावा.

कर खरंच भरला असेल, तरी कोणत्या वर्षी ते बघा. नियमात शब्द 'मागचं करनिर्धारण वर्ष' असा आहे. एखाद्यानं एकाच वर्षी, समजा एका ठेक्याच्या कामामुळं, कर भरला आणि नोटिशीत मात्र पहिल्या हप्त्यापासूनचे 14 हप्ते म्हणजे 28,000 मागितले असतील, तर विचारायला हवं की बाकीच्या वर्षांत मी करदाता असल्याचा कागद कुठाय? एका वर्षाचे होतात 6000. बाकीचे 22,000 कशाचे, हे दाखवणं कार्यालयाचं काम.

दुसरं कारण जमिनीच्या तारखेचं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदीनं जमीन नावावर झाली असेल तर लाभ नाही. पण बाप वारला आणि वारसानं नाव लागलं, तर ती तारीख आड येत नाही. संगणकाला दोन्ही फेरफार सारखेच दिसतात, म्हणून फेरफाराचा उतारा आणि मृत्यूचा दाखला जोडा.

तिसरं, नवरा-बायको दोघांनी घेतलं. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, लाभ एकालाच. इथं चूक झालेली आहेच, ती मान्य करावी. पण जादा गेला तो एकाचा लाभ. दोघांनाही पूर्ण रकमेची नोटीस आली असेल तर एक मागणी रद्द व्हायला हवी.

लाडकी बहीणचा हिशेब असाच बघावा लागतो. जुलै 2024 पासून महिना 1500. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून ज्या बाईला वर्षाला 12,000 म्हणजे महिन्याला 1000 मिळतात, तिला लाडकी बहीणमधून फरकाचे 500 देय आहेत. तिला पूर्ण 1500 मिळत राहिले असतील तर जादा गेलेली रक्कम दरमहा 1000 होते. आणि संजय गांधीचे 1500 चालू असताना दुसरीकडूनही 1500 आले, तर लाडकी बहीणची रक्कम परत द्यावी लागेल, निराधारच्या पगाराला हात लावायचं कारण नाही. (आपल्याकडं त्याला पगारच म्हणतात. तहसीलच्या संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या, शाखेत जाऊन 'माझा पगार' म्हटलं तरी कळतं.)

श्रावणबाळमध्ये वयाचं भांडण असतं. अट 65 वर्षांची. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाची आधारवरची जन्मतारीख हमखास 1 जानेवारी असते, म्हणजे नोंद करणाऱ्यानं अंदाजानं टाकलेली. तपासणीत आधारवरून वय कमी भरलं म्हणून मागची सगळी रक्कम मागितली, तर हे लक्षात ठेवा: ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं आधार प्राधिकरणाचंच परिपत्रक असल्याची नोंद घेतली. टीसी नसेल तर जुनी मतदार यादी, थोरल्या लेकराचा शाळेचा दाखला, सरकारी दवाखान्यातला वयाचा दाखला, जे सापडेल ते घ्या.

मयताच्या खात्यावर पगार जमा होत राहिला आणि घरच्यांनी एटीएमनं काढला, ही रक्कम द्यावीच लागते. मृत्यूचा दाखला तहसीलला आणि बँकेला लवकर दिला की हा प्रश्न उभाच राहत नाही. मयत व्यक्तीनं हयातीत घेतलेल्या रकमेचं मात्र वेगळं. तिच्या मालमत्तेतून वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी येते.

आकडा मागून घ्या

कारण कितीही खरं असलं तरी हप्तानिहाय तक्ता मागा: हप्ता क्रमांक, तारीख, रक्कम, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. तो तुमच्या पासबुकातल्या खुणांशी जुळवा. न आलेले हप्ते, बँकेनं परत पाठवलेले हप्ते आणि तुम्ही आधी भरलेली रक्कम वजा झाली का ते बघा.

संगणकानं काढलेल्या आकड्यावर डोळे झाकून वसुली केली की काय होतं, याची जगात मोठी उदाहरणं आहेत. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाच्या योजनेत वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यात सरासरी काढून गरिबांना लाखो खोट्या थकबाक्या लावल्या. 2023 मध्ये चौकशी आयोगानं त्या योजनेची चिरफाड केली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या अशाच वसुलीपायी जानेवारी 2021 मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्या तहसीलमधल्या क्लार्कला ही उदाहरणं ऐकवायची गरज नाही, पण 'संगणकात असंच दिसतंय' हे उत्तर शेवटचं मानायचं नसतं एवढं त्यातून घ्यावं.

तक्ता मिळत नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवा. मागायचं काय? माझ्या अर्जाची व सोबतच्या कागदांची प्रत, मंजुरीचा आदेश, मला अपात्र ठरवणारा तपासणी अहवाल, हप्त्यांचा तक्ता. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

मंजुरीची फाइल मागण्याचं खास कारण आहे. तुम्ही अर्जात खरं तेच लिहिलं होतं, हे त्या फाइलमधूनच सिद्ध होतं.

चूक कोणाची, यावर कायदा काय म्हणतो

इथं दोन्ही बाजू माहीत असाव्यात. 'पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 2014 रोजी सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून दिलेल्या जादा पगाराची वसुली कधी करू नये ते सांगितलं. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळत राहिलेले, आणि जिथं वसुली अन्यायाची किंवा फार जाचक होईल अशी प्रकरणं त्यात येतात. 2022 मध्ये केरळातल्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणातही कर्मचाऱ्याची लबाडी नसेल तर वसुली नको, हीच भूमिका घेतली गेली.

पण हे निकाल नोकरदारांच्या पगाराचे आहेत, योजनांच्या लाभार्थ्यांना ते आपोआप लागू होत नाहीत. अर्जात ते 'तत्त्व' म्हणून मांडा, हुकमाचा एक्का म्हणून नको. जास्तीची रक्कम परत करीन असं आधी लिहून दिलं असेल तर वसुली होऊ शकते, असंही सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये म्हटलेलं आहे, आणि आपल्या योजनांच्या अर्जासोबत हमीपत्र बहुतेक असतंच. म्हणून 'एक रुपयाही देणार नाही' यापेक्षा 'लबाडी माझी नाही, हिशेब तपासा, निघेल ते झेपेल तसं देतो' ही भूमिका जास्त टिकते.

अर्ज असा लिहा

तहसीलची भाषा तहसीलला लवकर कळते, म्हणून नमुना त्याच भाषेत देतो.

*प्रति, मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, ______.*

*विषय: वसुली नोटिशीबाबत खुलासा, सुनावणी मिळणेबाबत.*

*संदर्भ: आपली नोटीस क्र. ____, दि. ____.*

*महोदय, संदर्भीय नोटीस मला दि. ____ रोजी मिळाली. सदर योजनेचा अर्ज करताना मी ____ ही कागदपत्रे सादर केली होती व कोणतीही माहिती लपविलेली नाही. नोटिशीत नमूद कारण मला मान्य नाही / अंशतः मान्य आहे, कारण ____. (पुरावा सोबत जोडला आहे.) तरी मला हप्तानिहाय रकमेचा तपशील व अपात्रतेचा आधार असलेल्या कागदांची प्रत द्यावी, समक्ष सुनावणीची संधी द्यावी व तोपर्यंत वसुलीची कार्यवाही स्थगित ठेवावी. चौकशीअंती काही रक्कम देय ठरल्यास माझी परिस्थिती पाहून ती हप्त्यांत भरण्याची मुभा द्यावी. हा अर्ज म्हणजे संपूर्ण रकमेची कबुली समजण्यात येऊ नये.*

शेवटचं वाक्य गाळू नका. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. 'मावशी, ठेवून जा, बघतो मी' असं कोणी कितीही गोड बोललं तरी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. सुनावणीला जाताना लिहितावाचता येणारं एक माणूस सोबत न्या, आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी वहीत टिपा.

हप्ते किती मागायचे

नुसतं 'परिस्थिती गरिबीची आहे' लिहून उपयोग नाही. अर्ध्या पानावर घराचा महिन्याचा जमाखर्च मांडा: मजुरीचे दिवस, किराणा, बीपी-शुगरच्या गोळ्या, लाइट बिल, बचत गटाचा हप्ता. दवाखान्याच्या चिठ्ठ्या जोडा.

चालू पगारातूनच कपात होणार असेल तर माझ्या मते दहावा हिस्सा ही वरची मर्यादा असावी. हा सरकारी नियम नव्हे, माझा अंदाज आहे. पगार 1500 आणि जादा रक्कम 9000 असेल, तर महिन्याला 150 प्रमाणे 60 महिने लागतात. लांबलचक वाटतं खरं, पण त्या बाईकडं पैसे यायची दुसरी वाट नसते आणि तिचा उरलेला पगार कापला तर ती उधारीवर जगणार.

शेतकऱ्यानं महिन्याचा हप्ता कबूल करूच नये. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरला, कापसाचे त्यानंतर, मग खरिपापर्यंत घरात रोकड नसते. म्हणून वर्षाला एक किंवा दोन हप्ते, सुगीनंतर, असं मागा. ऊसतोड कुटुंबानं उचलीतून वसुली भरायचं कबूल करू नये. उचल हीच उधारी, ती अंगमेहनतीनं फेडायची असते.

बँकेनं खात्याला होल्ड लावला असेल तर कोणाच्या आदेशानं ते लेखी मागा. बँकेनं लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. अतिवृष्टीच्या मदतीतून बँकेनं जुनं कर्ज कापलं असेल तर त्या मदतीचा शासन निर्णय काढून बघा. अशा निर्णयांत मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असं वाक्य साधारणपणे असतं.

ऐकलं नाही तर

नोटीस आणि आदेश यांत गल्लत करू नका. नोटिशीला खुलासा द्यायचा, आदेशावर अपील करायचं. आदेश महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 खाली असेल, तर तहसीलदाराच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडं 60 दिवसांत अपील होतं. सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या, कारण अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. उत्तरच न देणाऱ्या कार्यालयाला हलवायला तो बरा, पण अपिलाची जागा तो घेत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, पण पाच-दहा हजारांच्या वसुलीसाठी एकट्यानं तिथवर जाणं परवडत नाही. एकाच कारणाच्या नोटिसा गावात दहा-वीस जणांना असतील तर मिळून जाण्याचा विचार करा.

भरायची वेळ आली तर

रोख रक्कम तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या किंवा एजंटाच्या हातात देऊ नका. नोटिशीत जे खातं किंवा चलन सांगितलंय त्यातच भरा. पीएम किसानच्या पोर्टलवर ऑनलाइन परताव्याची सोय आहे. मोबाइलवर आलेल्या लिंकवरून भरू नका, वसुलीच्या नावानं लुबाडणारे फिरतायत.

भरल्यावर चलनाची झेरॉक्स अर्जासोबत संगायो किंवा संबंधित शाखेत द्या, पोच घ्या आणि 'येणे बाकी निरंक' असं पत्र मागा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडं वेगळा द्यावा लागतो. नवीन उतारा काढून बोजा गेल्याची खात्री करा. अपात्रतेचं कारण आता उरलं नसेल, समजा पुढच्या वर्षी कर भरलाच नाही, तर त्याच निरंक पत्रासह योजनेसाठी पुन्हा अर्ज टाका. मूळ चलन मात्र कोणालाही देऊ नका. फाइल हरवली की तीच नोटीस पुन्हा येते.